शब्द लागला

बँकेत लागले त्या वर्षी, १९८६ साली, आमच्या हेडक्लार्क काकांनी मला एक युक्ती सांगितली होती. दिवसअखेर जमा-नावे जुळत नसेल तर आधी फरकाला नऊने भाग जातो का ते बघायचं. गेला, तर बहुतेक कुठेतरी आकडे उलटे पडलेत. ६३ चे ३६, नाहीतर ५४० चे ४५०. नाही गेला, तर फरकाचा निम्मा करायचा आणि तेवढ्या रकमेचं व्हाउचर शोधायचं. ते बऱ्याचदा जमेऐवजी नावे पडलेलं असतं. काकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांना ते त्यांच्या हेडक्लार्कने सांगितलं होतं.

त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी साताऱ्याच्या आमच्या शाखेत २७ रुपयांचा फरक आला. नवा त्रिक सत्तावीस, म्हणजे आकडे उलटे पडले हे नक्की. पण कुठे? लेजरं तेव्हा उचलताना मनगट दुखेल एवढी जाड. दोघांनी आकडे वाचायचे, दोघांनी टिक मारायची. साडेआठ झाले. शिपाईमामांनी दोनदा चहा आणून ठेवला आणि दोन्ही वेळा तो गार झाला. मी नवी, घरी जायची घाई. म्हटलं, "काका, सत्तावीसच तर रुपये आहेत, मी घालते."

काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "पैसे मीही घालीन गं. पण चूक इथेच राहील ना?"

नऊच्या सुमाराला ती सापडली. एका सेव्हिंग खात्यावर ६३ ऐवजी ३६ लिहिलेले. अक्षर माझंच. कुणी रागावलं नाही. "लागला हिशेब," म्हणत काकांनी पेनाला टोपण लावलं आणि सगळे छत्र्या शोधायला लागले. त्या रात्री मी राजवाड्यापासून घरापर्यंत चालत गेले, चपला हातात घेऊन, आणि मला कारण नसताना गावंसं वाटत होतं. त्या दिवसाच्या पगाराचे किती रुपये पडले असतील ते आता आठवत नाही.

पुढे संगणक आले. हिशेब आपोआप जुळायला लागला. यात वाईट काही नाही, आणि लेजरांच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांतली मी नाही. ३१ मार्चच्या जागरणांनी माझी पित्तप्रकृती कायमची बिघडली आहे. फक्त झालं असं की हिशेब लावण्यातून आमचा जो वेळ सुटला, तो विक्रीला लावला गेला. सकाळच्या मीटिंगमध्ये विमा किती, म्युच्युअल फंड किती, कार्डं किती. टार्गेट पूर्ण झालं की टाळ्या वाजायच्या आणि पहिल्या तारखेला तेच टार्गेट वाढून परत यायचं. हे काम कधी लागायचंच नाही. त्याला शेवटची ओळ नव्हती.

एका पेन्शनर बाईंना मी त्यांची मुदत ठेव मोडायला लावून बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी दिली होती. कागदोपत्री सगळं बरोबर होतं. त्यांनी सह्या केल्या, वर मला पेढे दिले. तीन वर्षांनी त्या पैसे काढायला आल्या तेव्हा घातले त्यापेक्षा कमी निघाले. त्या काही बोलल्या नाहीत. पासबुकात बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं म्हणून घेतलं हो." हा फरक नऊने भागून सापडण्यातला नव्हता.

२०१४ मध्ये मी मुदतीआधी निवृत्ती घेतली.

निवृत्त माणसाला सगळे एकच वाक्य सांगतात: आता आवडीचं काहीतरी कर. माझी अडचण अशी की मला आवडच नव्हती. गाण्याच्या क्लासला दोन महिने गेले, सा लागेना. भरतकामात टाके मोजायची सवय मोडेना. सकाळी उद्यानात हास्यक्लब असतो तिथे एकदा गेले आणि परत येताना मला जितकं उदास वाटलं तितकं कधी वाटलं नव्हतं. "आतून काय करावंसं वाटतं?" असं नणंदेच्या मुलीने विचारलं. आत डोकावून पाहिलं. आत काही नव्हतं. चहा प्यावासा वाटत होता.

माझ्या आईला हा प्रश्न कुणी विचारला नाही. ती दुपारी रव्याच्या गव्हल्या वळत बसायची. भिजवलेल्या रव्याची बोटभर सुरळी, त्यातून अंगठा आणि तर्जनीने एकेक दाणा तोडून वळायचा, तांदळाहून लहान. परडीभर व्हायला तीन दुपारी लागायच्या. आम्ही म्हणायचो, अगं, विकत मिळतात. "मिळतात की," ती म्हणायची आणि वळत राहायची. एखादी जाड झाली की बाजूला टाकायची. ते कोण बघणार होतं, कुणास ठाऊक.

मोडी लिपीकडे मी गेले ती वहिनींना सोबत म्हणून. त्यांच्या माहेरचे काही जुने कागद होते, दहा दिवसांचा मोडीचा वर्ग लागला होता आणि एकटीने जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. चौथ्या दिवशी वहिनींची नात आजारी पडली आणि त्या सुटल्या. मी फी भरली होती म्हणून जात राहिले. याहून उदात्त कारण मला आजही सांगता येत नाही.

मोडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची, हात शक्यतो न उचलता. शब्द कुठे संपला हे कळायला मोकळी जागा नाही. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, वेलांटी एकच, उकार एकच. लिहिणारा घाईत असला तर काना, मात्रा, अनुस्वार वाऱ्यावर. नेहमीचे शब्द तोडून टाकलेले. मौजे नुसतं 'मौ', बाकीचं तुम्ही समजून घ्यायचं. पैसे उभ्या रेघांनी: एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, म्हणून १ पुढे एक दांडी दिसली की सव्वा रुपया. आणि तारखा! पेशवाईतला कागद असेल तर साल अरबी शब्दांत. अर्बा सबैन मया व अलफ, म्हणजे चार अधिक सत्तर अधिक शंभर अधिक हजार. झाले ११७४. त्यात ५९९ मिळवायचे, की १७७३ येतं. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मेच्या कागदाला ५९९ ऐवजी ६०० मिळवायचे. हे ऐकलं तेव्हा वर्गातली बाकी मंडळी कपाळाला हात लावून बसली होती. मी मात्र ताठ बसले. बेरीज होती. उत्तर एकच येत होतं.

१७७३ म्हटल्यावर तुमच्या मनात काय आलं ते मला माहीत आहे. मी मोडी वाचते असं सांगितलं की शंभरातले नव्वद जण 'ध चा मा' म्हणतात आणि मग स्वतःच हसतात. नारायणरावाला 'धरावे' असं लिहिलेल्या कागदावर आनंदीबाईने 'मारावे' केलं, ही ती गोष्ट. खून झाला तो ३० ऑगस्टला, शनिवारवाड्यात, हे खरं. अक्षराची गोष्ट मात्र दंतकथाच म्हणायची. पण लोकांना मोडीबद्दल जी एकमेव गोष्ट माहीत आहे ती एका खोट्या अक्षराची आहे, हे मला आवडतं. त्यावर पुढे येते.

तर वर्ग संपला आणि मला काहीही वाचता येत नव्हतं. मुळाक्षरं येत होती. मुळाक्षरं येणं आणि मोडी येणं यात बाराखडी आणि पत्रिका वाचण्याइतकं अंतर आहे. प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा. एका कागदावर चार ओळींत सहा शब्द लागायचे. मोडीवाले 'वाचलं' फारसं म्हणत नाहीत, 'लागलं' म्हणतात. शब्द लागला, ओळ लागली, हा शब्द काही लागत नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला एकदम आमचे काका आठवले, पेनाला टोपण लावताना.

आवड तेव्हाही नव्हती. ती नेमकी कधी आली सांगता येत नाही, पण वाचता यायला लागल्यानंतर आली, आधी नाही, एवढं खात्रीने सांगते. साधारण दीड वर्ष मी रोज दुपारी दोन ते चार एक कागद घेऊन बसत होते. न लागलेल्या शब्दाची नक्कल वहीत काढून ठेवायची. स्वयंपाक करताना तो डोक्यात फिरायचा. एकदा कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला 'बितपसील', म्हणजे तपशिलाप्रमाणे, हा शब्द लागला, आणि मी हातातली पळी तशीच टाकून वही काढली. भाजी लागली. घरात आता हा विनोद झाला आहे की आज काय लागलं, शब्द की भाजी.

काही माणसं यासाठी अख्खा जन्म घालवतात. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड काढला आणि असे बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरचे, पेवांतले, रद्दीत निघालेले कागद गोळा करून. तो पिंडच निराळा. मला दुपारी चारनंतर डोळ्यावर झापड येते. या कामाला मी जीवन वगैरे वाहिलेलं नाही. दिवसाचे दोन तास दिलेत, आणि बाकीच्या वेळात दळण, बँक, नवऱ्याच्या गोळ्या.

हळूहळू लोक कागद घेऊन यायला लागले. प्लास्टिकच्या पिशवीत, कधी लग्नाच्या अल्बममध्ये, एकदा तर पितळी डब्यात, वर हळदकुंकू वाहिलेलं. डब्यातल्या कागदाची चार पिढ्या दसऱ्याला पूजा होत होती. घरात समज असा की छत्रपतींनी दिलेली सनद आहे. मी वाचला. किराणा मालाची यादी होती. गूळ, सुपारी, खोबरं, आणि शेवटी बाकी सव्वा रुपया. सगळं घर माझ्याभोवती उभं होतं. सांगताना माझ्या पोटात गोळा आला. क्षणभर शांतता झाली आणि मग त्या घरातल्या आजी म्हणाल्या, "म्हणजे देणं आहे का येणं?" देणं होतं. आजींनी हात जोडले आणि म्हणाल्या, "फिटलं असेल देवा आतापर्यंत." ती यादी अजूनही डब्यातच आहे, आणि पूजाही होते.

बहुतेक कागद असेच असतात. कर्ज, बाकी, वाटणीची भांडणं, बैल हरवला. गुप्त खजिना एकाही कागदात निघालेला नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना मनातून तोच हवा असतो.

२०२३ च्या अखेरीला मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. आरक्षणासाठी मराठा-कुणबी नोंदी शोधायला जुनी दप्तरं उघडली गेली. जन्म-मृत्यूची रजिस्टरं, गाव नमुने, सगळं. एका कार्यालयात मीही काही दिवस मानधनावर बसले. कागद बांधलेला रुमाल सोडला की उडणारी ती धूळ, कसरीने जाळीदार केलेली पानं, एकेका ओळीत कुणाचा तरी जन्म. काम तेच, अक्षर तेच. पण संध्याकाळी किती पानं झाली त्याचा तक्ता भरायचा होता, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी वाचत नाहीये, पानं उलटतेय. न लागलेला शब्द वहीत काढायचं मी सोडून दिलं होतं. घरी आले तेव्हा तेच मानेतलं दुखणं, जे मला बँकेतल्या शेवटच्या वर्षांत होतं. गरज खरी होती, काम तातडीचं होतं, तक्ता लागणारच. कुणाला दोष देत नाही. पण मोडीत काही जादू आहे असा जो माझा समज होत चालला होता, तो तिथे उतरला.

त्याच सुमाराला एक मुलगा घरी आला. पंचवीसेक वर्षांचा, नम्र, पाया पडला. त्याच्याकडे पणजोबांच्या नोंदीचा फोटो होता आणि त्याला त्यात एक शब्द हवा होता. नाव होतं, गाव होतं. जिथे जात लिहायची त्या जागी डाग होता, आणि डागाच्या कडेला अक्षराचं नुसतं शेपूट. मी भिंग लावलं, फोटो मोठा केला, उजेड बदलला. नाही लागला. "ताई, नीट बघा ना. 'कु' आहे की तो." असू शकत होता. नसूही शकत होता. त्याच्या नोकरीचं वय चाललं होतं आणि माझी एक ओळ त्याला हवी होती. मी म्हटलं, "डाग आहे रे बाळा. डागाला मी अक्षर कसं म्हणू?" तो उठला, चप्पल घातली आणि न बोलता गेला. चहा तसाच राहिला. मला त्या रात्री काही फार बरं वाटलं नाही. काका बरोबर होते, चूक इथेच राहिली असती, हे मी स्वतःला सांगत होते, आणि तरीही तो चहा डोळ्यांसमोरून जात नव्हता.

आणखी एक सांगून टाकते, नाहीतर हे सगळं फार सोज्ज्वळ वाटेल. या कामावर माझं पोट नाही. मला पेन्शन आहे, डोक्यावर छप्पर आहे, मुलगी कमावती आहे. पानाला थोडेफार पैसे घेते, कधी घेत नाही, कधी शेतातले घेवडे येतात. तिशीतली कुणी मला विचारते की नोकरी सोडून मीही असं काही मनाजोगतं करू का, तेव्हा मी तिला आधी घराचा हप्ता किती आहे ते विचारते.

या मार्गशीर्षात रायगड जिल्ह्यातून एक आजोबा आले, नातू गाडी चालवत होता. मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यातलं, तापोळ्याच्या अलीकडे. "आमी उठलो तवा मी बारा-तेरा वर्साचा असंन," ते म्हणाले. धरणग्रस्त गाव 'हललं' म्हणत नाहीत, 'उठलं' म्हणतात. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरला आणि गाव पाण्याखाली गेलं. कुटुंब रायगडात गेलं, तिथे जमीन मिळाली, त्या जमिनीचं जे व्हायचं ते झालं. एक कागद मात्र बापाने धोतराच्या घडीत जपून नेला होता.

राणीचा छाप असलेला स्टॅम्पपेपर. शके १८०९, सर्वजितनाम संवत्सरे, म्हणजे १८८७. पंचाहत्तर रुपयांचं गहाणखत. लिहून देणारा यांचा पणजोबा, आणि शेवटी, सहीच्या जागी, निशाणी नांगराची. लिहिता न येणारा कुणबी सही म्हणून नांगराचं चित्र काढायचा. चार रेघांचा एवढासा नांगर. आजोबांनी तो बघितला, मग बोटाने, कागदाला हात न लावता, वरूनच, हवेत गिरवला.

"काका, हे गहाण सुटलं का नाही ते यात नाही. आणि आता याचा कज्ज्यात वगैरे काही उपयोग नाही," मी आधीच सांगून टाकलं.

"उपेग न्हाई ते ठावं हाय, बाई. वाचा तुमी."

मी वाचायला लागले. चतुःसीमा आली. पूर्वेस ओढा. दक्षिणेस भावकीतल्या एकाचं शेत. उत्तरेस डोंगराकडे जाणारी वाट. पश्चिमेला मी अडखळले. हा शब्द मला कागदाचा फोटो आला तेव्हापासून, म्हणजे नऊ दिवस, लागलेला नव्हता. शेतांची नावं कुठल्याच कोशात नसतात. ज्यांनी ती घेतली ती माणसं गेली की संपलं. कारकुनाने मात्रा-अनुस्वार खाल्लेले. वहीत मी 'कुभारटक' असं उतरवून पुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं. 'कुभार टाक' असेल, टाकीबिकी असेल, असा माझा अंदाज.

"पश्चिमेस कुभार... टाक?" मी म्हटलं.

आजोबा काही बोलले नाहीत. मग नातवाकडे वळून म्हणाले, "कुंभारटेक." परत माझ्याकडे बघून, जरा मोठ्याने, जणू मला कमी ऐकू येतं, "कुंभारटेक वो! टेकाड हुतं. म्हातारी माझी गवताला जायाची तितं. खापऱ्या निघायच्या मातीत, आमी पोरं खेळाया आणायचो."

नातवाने विचारलं, "कुठंय ते?"

"पाण्यात," आजोबा म्हणाले. "परत वाचा एकदा, बाई. चारी दिशा वाचा."

मी पूर्वेपासून सुरुवात केली. पश्चिमेला आले तेव्हा थांबले, पेन्सिल घेतली, वहीतलं प्रश्नचिन्ह खोडलं, 'कु'वर अनुस्वार दिला आणि 'ट'वर मात्रा.